माळ्यावरचा उष्णतारोधक थर आणि त्याखालची केबल : प्रकल्प नोंदी

5 ऑक्टोबर 2024, शनिवार

इंग्लंडमधल्या रेडिंगमधले आमचे घर 1930च्या दशकातले असून त्याची एक भिंत शेजारच्या घराशी सामाईक आहे. कौलांखाली उतरता माळा आहे आणि त्याच्या आडव्या तुळयांमध्ये पिवळ्या ग्लासवूलचा जेमतेम 100 मिलिमीटर थर आहे, तोही जागोजागी दबून 75 मिलिमीटरवर आलेला. इंग्लंडमध्ये आज घराच्या माळ्यावर 270 मिलिमीटर ग्लासवूल असावे अशी शिफारस आहे. म्हणजे जुन्या थरावर, तुळयांना आडवा असा आणखी 170 मिलिमीटरचा थर अंथरायचा. साहित्य आणून ठेवले आहे आणि एका शनिवार-रविवारात काम उरकेल असा अंदाज होता.

आज सकाळी डोक्याला दिवा बांधून वर गेलो, आणि पहिल्या दहा मिनिटांतच लक्षात आले की ग्लासवूल अंथरण्याआधी दुसरे काम आहे. तुळयांच्या वरच्या कडेवर क्लिपा मारून एक जाड, चपटी, राखाडी केबल माळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली आहे. ती बाथरूममधल्या, पाणी विजेवर तापवणाऱ्या शॉवरची आहे. जुना थर तुळयांच्या माथ्याबरोबर संपतो, त्यामुळे ही केबल आजवर उघड्या हवेत होती. नवा थर पडला की तिच्या खाली 100 आणि वर 170 मिलिमीटर ग्लासवूल येईल, म्हणजे ती दोन गाद्यांच्या मध्ये चेपली जाईल.

इथे मराठीची एक सोय आहे. इंग्रजीत केबलवरच्या पीव्हीसीच्या वेष्टनालाही आणि माळ्यावरच्या ग्लासवूललाही ‘इन्सुलेशन’ हा एकच शब्द वापरतात, आणि ऐकणाऱ्याला वाटते की इन्सुलेशनवर इन्सुलेशन पडले तर केबल अधिकच सुरक्षित होईल. आपल्याकडे विद्युतरोधक आणि उष्णतारोधक असे दोन वेगळे शब्द आहेत आणि ते वेगळे ठेवणेच बरे, कारण दुसरा थर वाढला की पहिल्याचे आयुष्य कमी होते. या नोंदींत मी ते दोन शब्द कटाक्षाने वेगळे वापरणार आहे.

6 ऑक्टोबर, रविवार

आजचा दिवस माळ्यावरच्या प्रत्येक केबलचा माग काढण्यात गेला. खाली जाऊन एकेक एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच) बंद करायचा, वर येऊन टेस्टरने पाहायचे, आणि वहीत आखलेल्या तुळयांच्या नकाशावर रेघ ओढायची. मेन स्विच बंद केल्याशिवाय एकाही केबलला हात लावायचा नाही, हा नियम स्वतःला घालून घेतला आहे.

सापडले ते असे. शॉवरची केबल 6 चौरस मिलिमीटरची (म्हणजे आतल्या तांब्याच्या तारेचा छेद तेवढा) असून 40 अँपिअरच्या एमसीबीवर आहे. दिव्यांच्या केबल 1 चौरस मिलिमीटरच्या असून त्यांचा एमसीबी 6 अँपिअरचा आहे. माळ्यावरच्या एका प्लगसाठी वरच्या मजल्याच्या रिंग सर्किटमधून (सगळे प्लग जोडत एमसीबीपाशीच परत येणाऱ्या वर्तुळाकार जोडणीतून) 2.5 चौरस मिलिमीटरची केबल वर आणलेली आहे. जिन्यावरच्या छतात चार हॅलोजन दिवे बसवलेले आहेत आणि त्यांची उघडी पाठ माळ्यावर डोकावते. याशिवाय तपकिरी रंगाचे तीन गोल जंक्शन बॉक्स ग्लासवूलखाली गाडलेले मिळाले. त्यांतला एक उघडला तेव्हा आतल्या एका स्क्रूभोवतीचे प्लास्टिक काळवंडलेले होते आणि तारेवरचे वेष्टन टोकाकडून दीडेक सेंटिमीटर करपून आकसले होते. सैल स्क्रूमुळे तिथे उष्णता निर्माण होत होती आणि वरच्या थरामुळे ती बाहेर पडत नव्हती; दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की असेच होते.

सर्वांत अनपेक्षित गोष्ट फळ्यांखाली निघाली. माळ्याच्या मध्यभागी आधीच्या कोणी तरी सामान ठेवण्यासाठी फळ्या ठोकल्या आहेत आणि त्यांच्या खाली थर्मोकोलचे तुकडे बसवले आहेत. प्लगची केबल त्या थर्मोकोलला टेकून गेली आहे. तुकडा उचलला तर केबल त्याच्याबरोबरच वर आली, इतकी ती चिकटली होती. थर्मोकोलमध्ये केबलच्या आकाराची गुळगुळीत खाच पडली होती, जणू कोणी गरम पळी फिरवली आहे, आणि केबलचे बाहेरचे आवरण बोटाला तेलकट लागत होते. हा उष्णतेचा परिणाम नव्हे. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात जे तेलासारखे द्रव्य मिसळलेले असते ते थर्मोकोलच्या संपर्कात हळूहळू बाहेर झिरपते; त्याने थर्मोकोल विरघळते आणि पीव्हीसी कडक, ठिसूळ होते. अशी केबल जागेवर पडून असते तोवर काही जाणवत नाही, पण ती वाकवली की तडकते. ती मी जशी होती तशीच ठेवली आणि एमसीबी बंद करून त्यावर चिठ्ठी लावली.

एका कोपऱ्यात कापडी आवरणाच्या रबरी तारेचा तुटका तुकडाही निघाला. घर बांधले तेव्हाच्या वायरिंगचा तो अवशेष. त्या काळी तांब्यावर व्हल्कनाइज केलेल्या ‘इंडिया रबर’चे वेष्टन असे. बोटांत चुरडले तर त्याचा भुगा झाला. ही तार कुठेच जोडलेली नाही याची खात्री इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यायची आहे.

9 ऑक्टोबर, बुधवार

ऑफिसमधून आल्यावर आकडेमोड केली. ब्रिटनमधल्या वायरिंगचे नियम बीएस 7671 या मानकात आहेत. त्याची अठरावी आवृत्ती 2018 साली आली. केबल किती प्रवाह वाहू शकते याचा एकच आकडा त्यात नाही. तीच केबल, तेच तांबे, पण ती कुठून आणि कशातून जाते यावर तिची क्षमता ठरते, आणि याचे कारण सरळ आहे: तांब्यात प्रवाहाने उष्णता तयार होते, ती आजूबाजूला निघून जावी लागते, आणि सामान्य पीव्हीसी केबलमध्ये तांब्याचे तापमान सतत 70 अंशांच्या वर राहता कामा नये. उष्णता बाहेर जाण्याची वाट अरुंद केली की प्रवाहही कमी करावाच लागतो.

आमच्या 6 चौरस मिलिमीटरच्या चपट्या केबलचे आकडे पाहिले. लाकडावर क्लिप मारून उघडी ठेवली तर 47 अँपिअर. छताच्या प्लास्टरबोर्डला टेकलेली असून वर 100 मिलिमीटरपर्यंत थर असेल तर 34 अँपिअर. तशीच टेकलेली, पण वर 100 मिलिमीटरपेक्षा जास्त थर असेल तर 27 अँपिअर. प्लास्टरबोर्डमधून थोडी उष्णता खालच्या खोलीत उतरते म्हणून एवढी तरी क्षमता उरते. आणि अर्धा मीटर किंवा त्याहून जास्त लांबी चहूबाजूंनी थरात गाडली गेली तर उघड्या केबलच्या निम्मे, म्हणजे 23.5 अँपिअर. आमची केबल तुळयांच्या माथ्यावर असल्याने नव्या थरानंतर ती या शेवटच्या प्रकारात मोडेल.

आता शॉवर. त्याच्या पाटीवर 240 व्होल्टला 9.5 किलोवॅट लिहिले आहे. शॉवर सुरू केल्यावर स्मार्ट मीटरच्या पडद्यावरचा आकडा सुमारे 9.3 किलोवॅटने वाढतो, म्हणजे प्रवाह साधारण 39 अँपिअर होतो. आज केबलची क्षमता 47 आहे, भार 39 आहे, एमसीबी 40चा आहे. सगळे नियमात बसते. ज्याने ही केबल टाकली त्याने त्या दिवशी काही चुकीचे केले नव्हते. थर अंथरल्यावर मात्र क्षमता 23.5, भार 39, आणि एमसीबी 40चाच. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे केबलला परवानगी असलेल्या उष्णतेच्या पावणेतीन पट उष्णता तिच्यात तयार होत राहील, आणि एमसीबी स्वस्थ राहील, कारण त्याच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नाही. त्याला फक्त प्रवाह कळतो. केबलवर काय अंथरले आहे हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. 40 अँपिअरच्या एमसीबीने 45 अँपिअरला तासभर न पडणे हेही त्याच्या मानकात अपेक्षितच आहे. आरसीडीचेही (गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचचेही) तेच: गळती नसेल तर तो हलत नाही.

वॅटमध्ये सांगायचे तर या केबलच्या दोन तारांचा मिळून रोध मीटरला सुमारे 6.2 मिलिओहम येतो, आणि 39 अँपिअरला दर मीटरमागे नऊ वॅटहून थोडी जास्त उष्णता निर्माण होते. माळ्यावरची लांबी सात मीटर आहे. म्हणजे 60 वॅटच्या जुन्या बल्बइतकी उष्णता एका लांब पट्ट्यात पसरवून तिच्यावर गोधडी घालण्यासारखे हे आहे.

जाडी वाढवून प्रश्न सुटेल का, तेही पाहिले. 10 चौरस मिलिमीटरची केबल पूर्ण गाडली तर क्षमता 32, म्हणजे तीही अपुरी. 16ची गाडली तर 42.5, पण ती शॉवरच्या आणि दोरीच्या स्विचच्या टर्मिनलमध्ये बसवणे कठीण. उत्तर जाडीत नाही, केबल थरातून बाहेर काढण्यात आहे.

दिव्यांची मात्र काळजी नाही. 1 चौरस मिलिमीटरची केबल पूर्ण गाडली तरी 8 अँपिअरची उरते आणि एमसीबी 6चा आहे. प्रत्येक केबल उचलत बसण्याची गरज नाही, हे कळणेही या आकडेमोडीचे फळ आहे. रिंग सर्किटवरची 2.5ची केबल मात्र उचलावी लागेल: 32 अँपिअरच्या रिंगमध्ये केबलची क्षमता किमान 20 अँपिअर हवी, आणि जाड थराखाली छताला टेकलेली असली तरी ती 17वरच येते.

13 ऑक्टोबर, रविवार

कागदावरचा आकडा डोळ्यांनी पाहावा असे वाटत होते. शॉवरच्या केबलवर दोन ठिकाणी थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) चिकटवले. एका ठिकाणी केबल उघडी ठेवली, दुसऱ्या ठिकाणी सव्वा मीटर लांबीवर नव्या ग्लासवूलची 170 मिलिमीटरची गादी घातली. माळ्याचे तापमान 12 अंश होते. मी वर बसलो आणि हिने खाली शॉवर दहा मिनिटे सुरू ठेवला, दहा मिनिटे बंद, पुन्हा दहा मिनिटे सुरू.

पहिल्या फेरीअखेर उघड्या भागाच्या आवरणाचे तापमान 24 अंश आणि झाकलेल्या भागाचे 37. दहा मिनिटांच्या विश्रांतीत उघडा भाग जवळजवळ मूळ पदावर आला. झाकलेला मात्र 30च्या खाली उतरला नाही. दुसऱ्या फेरीअखेर उघडा 26, झाकलेला 51. आतल्या तांब्याचे तापमान याहून चार-पाच अंश जास्त असणार. तिथेच थांबलो आणि गादी काढून टाकली.

या मोजणीतून एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. एक माणूस आठ-दहा मिनिटे अंघोळ करतो तेवढ्याने गाडलेली केबलही जळत नाही, कारण तांबे आणि पीव्हीसी तापायलाच वेळ लागतो. म्हणूनच देशभर अशा कितीतरी गाडलेल्या केबल वर्षानुवर्षे चालू आहेत आणि घरमालकांना त्यांचा पत्ताही नाही. नियमातला आकडा सतत वाहणाऱ्या प्रवाहासाठी आहे. पण गाडलेली केबल निवायलाही तितकाच वेळ घेते, आणि आधीची उष्णता उरलेली असताना दुसरी फेरी सुरू झाली की तापमान पायरीपायरीने चढत जाते. शिवाय एका दिवसात काही झाले नाही तरी पीव्हीसी प्रत्येक वेळी थोडे म्हातारे होते. हे नुकसान साठत जाणारे आहे.

याच संदर्भात एक निर्णय आजच घेतला. पुढच्या वर्षी विजेवरची गाडी घ्यायचा विचार आहे आणि तिच्या चार्जरची केबल माळ्यावरून नेली तर अंतर सर्वांत कमी पडते. तो चार्जर 7.4 किलोवॅटचा, म्हणजे 32 अँपिअरचा असतो. आकडा शॉवरपेक्षा लहान आहे, पण तो रात्री पाच-सहा तास अखंड वाहतो. तिथे विश्रांती नावाची गोष्टच नाही. ती केबल बाहेरच्या भिंतीवरून, पोलादी कवचाची न्यायची; माळ्याचा विचार बंद.

19 ऑक्टोबर, शनिवार

नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन येऊन गेले. शॉवरच्या सर्किटचे काम बाथरूमशी संबंधित असल्याने ते स्वतः करून मोकळे होण्यासारखे नाही. त्याची नोंद व्हावी लागते आणि प्रमाणपत्र मिळावे लागते. माझे शिक्षण इलेक्ट्रिकलचे असले तरी हे काम त्यांनीच करावे असे मलाही मनापासून वाटत होते.

त्यांनी थर्मोकोलला चिकटलेल्या केबलला मेगर (विद्युतरोधक वेष्टन तपासण्याचे यंत्र) लावला. 500 व्होल्टला वाचन उत्तम आले. मग ती सोडवून त्यांनी अंगठ्याभोवती वाकवली, तेव्हा राखाडी आवरणावर केसाएवढी भेग उमटली. मेगर आजची स्थिती सांगतो. आवरण किती दिवस टिकेल हे त्यातून कळत नाही, हे त्यांचे म्हणणे मी इथे लिहून ठेवतो. तो तुकडा काढून टाकला. रबरी तार मृत असल्याची खात्री झाली, तीही काढली.

शॉवरसाठी आमचे एकमत असे झाले: 10 चौरस मिलिमीटरची नवी केबल, तुळयांपासून वर, वाशांना जोडलेल्या लाकडी पट्टीवर क्लिप मारून, नव्या थराच्या माथ्यापासून किमान 50 मिलिमीटर उंच. उघड्या स्थितीत तिची क्षमता 64 अँपिअर आहे.

मी एक शंका काढली. केबल आडवी कितीही उंच नेली तरी दोन टोकांना ती 270 मिलिमीटरच्या थरातून उभी खाली उतरणारच. थोड्या लांबीसाठी मानकात सौम्य गुणक आहेत, कारण तांबे स्वतःच उष्णता बाजूच्या मोकळ्या भागाकडे वाहून नेते: 50 मिलिमीटर थरासाठी 0.88, 100साठी 0.78, 200साठी 0.63, 400साठी 0.51. 270ला गुणक 0.63च्याही खाली जातो आणि 64 अँपिअरची केबल 40च्या आत येते. म्हणून दोन्ही उतारांच्या जागी प्लायवूडची चौकोनी कुंपणे करायची आणि त्यांच्या आत थर 100 मिलिमीटरच ठेवायचा असे ठरले. मग 64 गुणिले 0.78 म्हणजे जवळजवळ 50 अँपिअर. आकड्यांची मूळ बैठक 30 अंश हवेची आहे. उन्हाळ्यात माळा 40 अंशांवर गेला तर आणखी 0.87ने गुणायचे, तरी 43 उरतात. 19 जुलै 2022 रोजी लिंकनशायरमधल्या कॉनिंग्जबी इथे 40.3 अंश तापमान नोंदले गेले, आणि त्या दिवशी या माळ्यावर कौलांखाली हात धरवत नव्हता. उष्णतारोधक थर खालच्या खोल्यांना थंड ठेवतो, पण त्याच्या वरची हवा उन्हाळ्यात तापतच राहते, हे विसरून चालत नाही. जुन्या 6च्या केबलला हेच सगळे लावले तर 47 गुणिले 0.78 म्हणजे 37 अँपिअरच येतात. म्हणून जाडीही वाढवायची आणि उंचीही.

31 ऑक्टोबर, गुरुवार, नरक चतुर्दशी

आई-बाबा सांगलीहून आले आहेत आणि मेहुणा सहकुटुंब लंडनहून काल रात्री पोहोचला. आज पहाटे पाच वाजल्यापासून अभ्यंगस्नाने झाली. तेल, उटणे, आणि एकामागून एक आठ माणसे; उटणे निघेपर्यंत शॉवर बंद होत नाही. सलग सव्वा तास, मध्ये दोन-तीन मिनिटांची उसंत.

जुनी केबल अजून जागेवरच आहे, पण तिच्यावर काहीही अंथरलेले नाही. थर्मोकपलच्या नोंदी तपासल्या: उघड्या केबलचे आवरण चौथ्या अंघोळीपर्यंत 33 अंशांवर गेले आणि पुढे तिथेच राहिले. जेवढी उष्णता तयार होत होती तेवढी हवा नेत होती. 13 तारखेच्या मोजणीवरून हिशेब केला तर गादीखाली याच पहाटे तांब्याने 70ची मर्यादा चौथ्या-पाचव्या अंघोळीतच ओलांडली असती. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ठरवल्याप्रमाणे थर अंथरला असता तर ही केबल सर्वांत जास्त कधी तापली असती, तर घरातली सगळी माणसे गोळा झालेल्या या सकाळी. हे लिहिताना अंगावर काटा येतो.

बाबा वीज मंडळातून निवृत्त झाले. फराळ करताना त्यांना वही दाखवली. त्यांनी चष्मा वर करून आकडे वाचले आणि म्हणाले, “अरे, फ्यूज तारेचा राखणदार असतो हे खरं, पण तू तारेवर पांघरूण घातलंस तर त्याला कोण सांगणार? राखणदार बदल, नाहीतर पांघरूण काढ.” दुसराही मार्ग आहे, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. कमी किलोवॅटचा शॉवर आणि लहान एमसीबी लावला असता तरी हिशेब जुळला असता, पण हिवाळ्यातल्या थंडगार पाण्याला तो पुरत नाही.

9 नोव्हेंबर, शनिवार

नवी केबल ओढून झाली. इलेक्ट्रिशियन दिवसभर होते. मी पट्ट्या कापून दिल्या आणि वाशांना स्क्रूने बसवल्या. 10 चौरस मिलिमीटरची केबल वळवायला अंगात जोर लागतो आणि वळण मोठे ठेवावे लागते. जुनी केबल काढली तेव्हा दोन क्लिपा आवरणात रुतलेल्या दिसल्या. बाकी तब्येत चांगली होती, कारण ती इतकी वर्षे उघडी होती. तिन्ही जंक्शन बॉक्स काढून नवे, झाकण स्क्रूने बंद होणारे बॉक्स तुळयांच्या वर उंचावर बसवले आहेत, म्हणजे पुढे कोणाला उघडायचे झाल्यास ग्लासवूल उचकटावे लागणार नाही. प्लगची केबलही त्याच पट्टीवर, पण शॉवरच्या केबलपासून हातभर दूर नेली आहे; दोन भरलेल्या केबल एकमेकींना चिकटून गेल्या तर त्या एकमेकींना तापवतात.

10 नोव्हेंबर, रविवार

जिन्यावरचे चार हॅलोजन दिवे. प्रत्येक 50 वॅटचा. त्यांच्या पाठीवर ग्लासवूल टाकणे म्हणजे उष्णता थेट दिव्याच्या होल्डरमध्ये आणि त्याला जोडलेल्या तारेत कोंडणे. एका होल्डरची तार काढली तर वेष्टन पापडासारखे मोडले. एलईडी घातले तरी त्यांच्या ड्रायव्हरला (त्यांना वीज पुरवणाऱ्या छोट्या डबीला) मोकळी हवा लागते आणि कोणता दिवा झाकता येतो हे त्याच्या उत्पादकाच्या सूचनेतच पाहावे लागते. ‘आगरोधक’ लिहिलेला दिवा झाकता येतोच असे नाही: तो शब्द खालची आग छतातून वर जाऊ नये यासाठी आहे, वरून झाकण्याशी त्याचा संबंध नाही. बाजारात झाकण्यायोग्य दिवे आणि त्यांच्यावर बसवायच्या टोप्या मिळतात. मी विचारान्ती चारही भोके प्लास्टरबोर्डच्या चकत्यांनी बुजवली आणि छताच्या खालून लागणारा एकच एलईडी दिवा लावला. भोक नाही तर उबदार दमट हवाही वर जात नाही.

16 आणि 17 नोव्हेंबर, शनिवार-रविवार

थर अंथरला. मेन स्विच बंद, बॅटरीचे दिवे, मास्क, हातमोजे, चष्मा, आणि पाय फक्त तुळयांवर टाकलेल्या फळीवर.

मेन स्विच बंद ठेवण्याचा आग्रह कोणाला अति वाटू शकतो. ऑस्ट्रेलियात 2009 साली सरकारने घरांच्या माळ्यांवर उष्णतारोधक थर बसवण्याची मोठी योजना सुरू केली आणि फेब्रुवारी 2010 मध्ये ती बंद करावी लागली. त्या काळात चार तरुण कामगार दगावले. तिघे विजेच्या धक्क्याने आणि एक माळ्यावरच्या असह्य उष्म्याने. अॅल्युमिनियमचे चकाकणारे पत्रे धातूच्या पिनांनी लाकडाला ठोकताना पिन खालच्या केबलमध्ये घुसली की सगळा पत्राच जिवंत होतो. पुढे त्यावर रॉयल कमिशन (सरकारी चौकशी आयोग) बसले आणि 2014 साली त्याचा अहवाल आला. न्यूझीलंडने 2016 पासून जुन्या घरांच्या जमिनीखाली असे पत्रे बसवण्यावर बंदी घातली. आमचे ग्लासवूल वीज वाहत नाही, आणि पिनाही मारायच्या नाहीत, तरी त्या चौघांची आठवण ठेवूनच स्विच खाली केला.

बाकीचे काम संथ आणि सरळ झाले. छपराच्या कडेला वारा खेळण्यासाठी फट ठेवली, पाण्याच्या टाकीखाली थर घातला नाही, दोन कुंपणांच्या आत 100 मिलिमीटरच ठेवले, आणि केबल उतरते त्या भोकांच्या कडा आगरोधक सीलंटने बंद केल्या. दिव्यांच्या केबल गाडल्या गेल्या. त्यांची जागा नकाशावर आहे.

24 नोव्हेंबर, रविवार

नागपूरहून धाकट्या भावाचा फोन आला. त्याच्या वरच्या मजल्यावर स्लॅबखाली ग्लासवूल घालून फॉल्स सिलिंग करायचे आहे आणि दोन एसींच्या वायर त्याच पोकळीतून जाणार आहेत. आपल्याकडे बहुतेक वायरिंग भिंतीतल्या किंवा स्लॅबमधल्या पाइपातून जाते, म्हणून माळ्याचा प्रश्न जसाच्या तसा येत नाही. पण फॉल्स सिलिंगमध्ये ग्लासवूल पडले की तोच प्रश्न उभा राहतो, आणि तोही मे महिन्यातल्या नागपुरात. तिथे एसी रात्रभर चालतो, म्हणजे भार शॉवरसारखा तुटक नसून गाडीच्या चार्जरसारखा अखंड आहे. स्लॅबखालची हवा 50 अंशांवर गेली तर 70 अंशांच्या पीव्हीसी वायरची क्षमता 0.71 पटच उरते, आणि वर ग्लासवूलचा निम्मा. दोन्ही मिळून मूळच्या जेमतेम पस्तीस टक्के. त्याला सांगितले की वायर ग्लासवूलच्या खालच्या बाजूने, सिलिंगच्या पोकळीत मोकळ्या पाइपातून ने, एसीची वायर थर्मोकोलला टेकू देऊ नकोस, आणि जोड लपवू नकोस. त्याने वायरमनला फोनवर घेतले आणि आम्ही तिघांनी मिळून मार्ग ठरवला.

7 डिसेंबर, शनिवार

थर अंथरून तीन आठवडे झाले. नव्या केबलवर एक थर्मोकपल आडव्या भागात आणि एक कुंपणाच्या आत उताराजवळ कायमचे बसवले आहे. आज सकाळी चार अंघोळी लागोपाठ झाल्या. माळ्यावर हवा 7 अंश होती. आडव्या भागाचे आवरण 15 अंशांपर्यंत गेले, उताराजवळचे 24पर्यंत. अर्ध्या तासात दोन्ही खाली आले. माळा आता पूर्वीपेक्षा थंड आहे, कारण खालची ऊब खालीच राहते, आणि उघड्यावरच्या केबलला त्याचा फायदाच मिळतो.

माळ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला प्लास्टिकच्या पाकिटात केबलचा नकाशा आणि त्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत एक सूचना लावली आहे: पट्टीवरची केबल शॉवरची आहे, तिच्यावर आणि कुंपणांच्या आत आणखी काहीही अंथरू नये, फळ्या ठोकण्याआधी नकाशा पाहावा. उद्या हे घर दुसऱ्या कोणाचे झाले तर वर पाय ठेवताच त्याला ते दिसेल. प्रमाणपत्राची प्रत त्याच पाकिटात आहे. राहिलेले काम एकच: जुलैच्या पहिल्या कडक उन्हाच्या दुपारी, पाठोपाठ तीन अंघोळी करून, उताराजवळचे तापमान पुन्हा मोजायचे आहे. तोवर थर्मोकपल जागेवरच राहतील.